कार्ल लेम्ली

कार्ल लेम्ली (१७ जानेवारी १८६७ – २४ सप्टेंबर १९३९) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन चित्रपट निर्माते व उद्योजक आणि युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेचे प्रमुख संस्थापक होते. थॉमस एडिसन यांच्या पुढाकाराने अमेरिकेत उभ्या राहिलेल्या चित्रपट मक्तेदारीला न्यायालयात आणि बाजारपेठेत आव्हान देणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यांमध्ये त्यांचे नाव अग्रस्थानी येते. १९१५ साली त्यांनी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी ही चित्रनगरी सुरू केली. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे चित्रपट त्यांच्याच कारकिर्दीत तयार झाले. नातेवाइकांना आणि गाववाल्यांना नोकरीत घेण्याच्या सवयीबद्दल ते हयातभर चेष्टेचा विषय होते. नाझी राजवटीत जर्मनीतील शेकडो ज्यू कुटुंबीयांना अमेरिकेत येण्यासाठी त्यांनी दिलेली हमीपत्रे मात्र दीर्घकाळ फारशी कोणाला ठाऊक नव्हती.

सुरुवातीचे जीवन

लेम्ली यांचा जन्म व्युर्टेंबर्ग राज्यातील लाउपहाइम या गावी एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाउपहाइममधील ज्यू वस्ती व्युर्टेंबर्गमधील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक होती. गावाच्या व्यापारउदिमात आणि सार्वजनिक जीवनात ज्यू कुटुंबांचा मोठा वाटा होता. वडील युलिउस गुरांचा आणि जमिनींचा व्यवहार करीत. आई रेबेका हिला तेरा अपत्ये झाली. त्यांतील बरीचशी बालपणीच दगावली. कार्ल दहावे. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि इखेनहाउझेन येथील एका घाऊक व्यापाऱ्याच्या दुकानात ते उमेदवारी करू लागले. हिशेब लिहिणे, माल मोजणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे हे तीन धडे त्यांना तेथेच मिळाले आणि पुढे तेच आयुष्यभर उपयोगी पडले.

१८८३ साली आईचा मृत्यू झाला. आई असेपर्यंत परदेशी जायचे नाही, या बंधनातून ते मोकळे झाले आणि १८८४ च्या आरंभी, वयाच्या सतराव्या वर्षी, 'नेकार' या जहाजातून न्यूयॉर्कला पोहोचले. इंग्रजी येत नव्हते. प्रथम एका औषधाच्या दुकानात निरोप्याचे काम मिळाले. पुढे थोरला भाऊ योझेफ शिकागोत असल्याचे समजल्यावर ते तिकडे गेले. त्यानंतरची दहा वर्षे फुटकळ नोकऱ्यांत गेली. मध्यंतरी डाकोटाच्या शेतांवर मजुरीही करून झाली. १८८९ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

१८९४ साली ते विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी कॉन्टिनेन्टल क्लोदिंग कंपनी या कपड्यांच्या दुकानात हिशेबनीस म्हणून रुजू झाले आणि काही वर्षांत तेथील व्यवस्थापक झाले. दुकानाच्या जाहिराती ते स्वतः लिहीत. १८९८ मध्ये मालकाची पुतणी रेखा स्टर्न हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला रोझाबेल ही मुलगी आणि युलिउस हा मुलगा झाला. या मुलाने पुढे वडिलांचेच नाव घेतले आणि चित्रपटसृष्टीत तो कार्ल लेम्ली ज्युनियर किंवा नुसता ज्युनियर म्हणून ओळखला गेला.

लेम्ली यांच्या पूर्वायुष्याविषयीच्या अनेक रंजक हकिकती १९३१ मध्ये इंग्रज कवी व नाटककार जॉन ड्रिंकवॉटर यांनी लिहिलेल्या चरित्रातून आल्या आहेत. ते चरित्र लेम्ली यांच्याच सांगण्यावरून लिहिले गेले होते. त्यामुळे त्यातील प्रसंग पारखूनच घ्यावे लागतात.

चित्रपटगृहाकडून वितरणाकडे

पगारावरून मालकाशी बिनसल्यामुळे लेम्ली यांनी ऑशकॉशची नोकरी सोडली. तेव्हा त्यांचे वय चाळिशीला टेकले होते आणि गाठीशी थोडीफार बचत होती. स्वस्त वस्तूंचे दुकान टाकावे, असा बेत करून ते शिकागोत जागा पाहत हिंडत होते. त्या काळी अमेरिकन शहरांत रिकाम्या दुकानांत खुर्च्या मांडून पाच सेंटमध्ये छोटे मूकपट दाखवण्याचा धंदा जोरात होता. अशा गाळ्यांना निकेलोडियन म्हणत. अशाच एका गाळ्यासमोरची रांग पाहून लेम्ली यांनी बेत बदलला. २४ फेब्रुवारी १९०६ रोजी त्यांनी मिलवॉकी ॲव्हेन्यूवर 'व्हाइट फ्रंट' हे निकेलोडियन सुरू केले. दर्शनी भाग पांढराशुभ्र रंगवण्यामागे हिशेब होता. निकेलोडियन म्हणजे अस्वच्छ, कुबट जागा अशी समजूत असल्याने बायकामुले तेथे जायला कचरत. त्यांना आत आणल्याशिवाय धंदा वाढणार नाही, हे या कापडदुकानदाराने ओळखले होते.

लवकरच दुसरे चित्रपटगृह निघाले. दाखवायला नवे मूकपट वेळेवर मिळत नाहीत आणि मिळतात ते झिजलेले असतात, या त्रासातून त्यांनी त्याच वर्षी चित्रपट विकत घेऊन इतर गृहांना भाड्याने देणारी लेम्ली फिल्म सर्व्हिस ही पेढी काढली. जाहिरात व्यवसायातील रॉबर्ट कॉक्रेन हे त्यांचे भागीदार झाले आणि अखेरपर्यंत राहिले. दोन-तीन वर्षांतच ही पेढी अमेरिकेतील मोठ्या वितरकांत गणली जाऊ लागली.

ट्रस्टविरुद्धचा लढा

१९०८ च्या अखेरीस एडिसन, बायोग्राफ, व्हायटाग्राफ आदी प्रमुख निर्मात्यांनी आपापली पेटंटे एकत्र करून मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी स्थापन केली. बोलीभाषेत तिला 'ट्रस्ट' म्हणत. कॅमेरा, प्रक्षेपक आणि फिल्म पुढे सरकवण्याची यंत्रणा अशा सर्वांवर ट्रस्टचा हक्क होता. कच्ची फिल्म बनवणाऱ्या ईस्टमन कंपनीशी करार असल्याने परवानाधारकांखेरीज इतरांना तिची फिल्म मिळणे बंद झाले. प्रत्येक चित्रपटगृहाने प्रक्षेपक वापरण्याबद्दल दर आठवड्याला दोन डॉलर द्यावेत, असाही नियम निघाला. प्रक्षेपक चित्रपटगृहाच्या मालकाने रोख पैसे मोजून घेतलेला असला, तरी ही पट्टी चुकत नव्हती.

लेम्ली यांनी आरंभी ट्रस्टचा परवाना घेतला होता. एप्रिल १९०९ मध्ये त्यांनी तो सोडला. आता वितरणासाठी माल येणार कोठून, हा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी इंडिपेन्डन्ट मूव्हिंग पिक्चर्स कंपनी काढली आणि आद्याक्षरांवरून ती 'इम्प' या नावाने प्रसिद्ध झाली. लाँगफेलोच्या काव्यावर आधारलेला 'हायावाथा' हा इम्पचा पहिला मूकपट ऑक्टोबर १९०९ मध्ये प्रदर्शित झाला. कच्ची फिल्म फ्रान्समधील ल्युमिएर कंपनीकडून मागवावी लागे.

ट्रस्टने आपल्या पेटंटांच्या आधारे दाव्यांचा सपाटा लावला. लेम्ली यांच्यावर एकूण २८९ दावे लावले गेले, असा आकडा सर्वत्र दिला जातो. तो युनिव्हर्सलच्याच प्रसिद्धी साहित्यातून रूढ झाला असावा. पण दावे पुष्कळ होते आणि त्यांचा खर्च कोणत्याही लहान व्यावसायिकाला बुडवण्याइतका होता, यात शंका नाही. हा लढा लेम्ली आणि कॉक्रेन यांनी जाहिरातींतूनही लढवला. ट्रस्टने १९१० मध्ये जनरल फिल्म कंपनी ही वितरणसंस्था काढताच व्यवसायाच्या नियतकालिकांत 'जनरल फ्लिम्को' या फुगीर सेनापतीची व्यंगचित्रे झळकू लागली. लहान गावांतील चित्रपटगृहांचे मालक ती आवडीने पाहत. दर आठवड्याला दोन डॉलर भरणारा हाच वर्ग लेम्ली यांचा खरा आधार होता.

१९१२ साली इम्पविरुद्धच्या दाव्यात अपील न्यायालयाने फिल्मच्या सैल वेटोळ्याविषयीचे पेटंट ट्रस्टला ग्राह्य धरू दिले नाही. फिल्म झटक्याने तुटू नये म्हणून ठेवलेले हे वेटोळे जवळजवळ प्रत्येक यंत्रात असल्याने हा निकाल ट्रस्टच्या वर्मी लागला. १९१५ मध्ये संघराज्य न्यायालयाने ट्रस्टला मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी ठरवले. त्यानंतर १९१७ मध्ये मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी विरुद्ध युनिव्हर्सल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे तत्त्व मांडले. यंत्राचे पेटंट असलेल्याला त्या यंत्रात कोणत्या चित्रफिती चालवाव्यात हे ग्राहकावर लादता येत नाही, असे ते तत्त्व होय. हा निकाल पेटंट कायद्याच्या अभ्यासात आजही उल्लेखिला जातो.

ट्रस्टच्या पराभवाचे सगळे श्रेय एकट्या लेम्ली यांना देणे बरोबर नाही. विल्यम फॉक्स यांनीही ट्रस्टविरुद्ध न्यायालयाचा मार्ग धरला होता. याशिवाय लांब चित्रपटांची मागणी ओळखण्यात ट्रस्टमधील कंपन्या मागे पडल्या, हेही तितकेच खरे आहे. ट्रस्टला सर्वांत आधी आणि उघडपणे अंगावर घेणाऱ्यांत मात्र लेम्ली होते.

नटनट्यांची नावे

त्या काळी मूकपटात काम करणाऱ्यांची नावे सहसा जाहीर केली जात नसत. नाव झाले की पगार वाढवून मागतील, अशी निर्मात्यांना धास्ती वाटे. बायोग्राफ कंपनीच्या मूकपटांतील लोकप्रिय अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स प्रेक्षकांना केवळ 'बायोग्राफची मुलगी' म्हणून ठाऊक होती. लेम्ली यांनी १९०९ मध्ये तिला इम्पमध्ये आणले. १९१० च्या आरंभी ती सेंट लुइस येथे ट्रामच्या अपघातात मरण पावल्याची आवई उठली. मार्चमध्ये इम्पने जाहिरात देऊन ही बातमी प्रतिस्पर्ध्यांनी पसरवलेले खोटे असल्याचे सांगितले आणि लगेच तिला त्या शहरात लोकांसमोर आणले. स्थानकावर मोठी गर्दी लोटली. आवई आणि तिचे खंडन ही दोन्ही इम्पच्याच कचेरीतून निघाली असावीत, असे बहुतेक चित्रपट-इतिहासकार मानतात.

या प्रसंगाला चित्रतारकांच्या युगाचा आरंभ म्हणण्याची प्रथा आहे. त्याच सुमारास इतर काही कंपन्याही कलावंतांची नावे छापू लागल्या होत्या, त्यामुळे हे विधान जपूनच करावे लागते. वर्षभरात लॉरेन्स इम्प सोडून गेली. पाठोपाठ लेम्ली यांनी मेरी पिकफर्डला आठवड्याला १७५ डॉलर देऊन आणले. १९११ च्या आरंभी ट्रस्टच्या तपासनिसांपासून दूर राहण्यासाठी तिचे काही मूकपट क्यूबात चित्रित करण्यात आले. त्यांचे दिग्दर्शन टॉमस इन्स यांच्याकडे होते.

युनिव्हर्सलची स्थापना

३० एप्रिल १९१२ रोजी इम्प, पॅट पॉवर्स यांची कंपनी, डेव्हिड हॉर्सली यांची नेस्टर, विल्यम स्वॉन्सन यांची रेक्स, मार्क डिन्टेनफास यांची चॅम्पियन आणि इतर काही स्वतंत्र संस्था एकत्र येऊन युनिव्हर्सल फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. बैठक चालू असताना खिडकीखालून जाणाऱ्या नळसामानाच्या गाडीवरचे नाव वाचून लेम्ली यांनी कंपनीचे नाव सुचवले, अशी आख्यायिका आहे. भागीदार एकमेकांवर विश्वास ठेवणारे नव्हते. ट्रस्टच्या भीतीने ते एकत्र आले होते, आणि ती भीती ओसरू लागताच आपापसांत भांडू लागले. हिशेबाच्या वह्या पळवणे, शिक्के लपवणे, कचेरीवर माणसे घालणे असे प्रकार झाल्याचे सांगितले जाते. लेम्ली यांनी एकेका भागीदाराचा हिस्सा विकत घेत १९२० पर्यंत कॉक्रेन यांच्यासह कंपनीवर पूर्ण ताबा मिळवला.

कंपनीचा पसारा झपाट्याने परदेशांत वाढला. १९१६ साली युनिव्हर्सलने भारतात आपले वितरण सुरू केले. हॉलिवूडच्या एखाद्या कंपनीने भारतात स्वतःची एजन्सी उघडण्याची ही पहिलीच वेळ होती. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याआधी तीनच वर्षे मुंबईत प्रदर्शित झाला होता.

युनिव्हर्सल सिटी

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस सॅन फर्नांडो खोऱ्यात लेम्ली यांनी १९१४ मध्ये सुमारे २३० एकरांचे एक कुक्कुटपालनाचे रान विकत घेतले. तेथे उभी राहिलेली युनिव्हर्सल सिटी १५ मार्च १९१५ रोजी हजारो पाहुण्यांच्या उपस्थितीत सुरू झाली. चित्रीकरणाचे मंच, प्रयोगशाळा, सुतारकामाचे कारखाने, पोलीस, अग्निशमन दल, रुग्णालय, टपालकचेरी आणि प्राणिसंग्रह असलेले ते एक स्वतंत्र गावच होते. लेम्ली यांनी येथे आपली दुकानदारी सोडली नाही. पंचवीस सेंट घेऊन लोकांना बाकांवर बसवून चित्रीकरण पाहू दिले जाई. मूकपटांचा काळ असल्याने प्रेक्षकांच्या टाळ्या-हुऱ्यांचा कामात व्यत्यय येत नसे. बोलपट आल्यावर ही सोय बंद झाली. १९६४ मध्ये युनिव्हर्सलने पर्यटकांसाठी स्टुडिओची सफर पुन्हा सुरू केली.

या काळातील युनिव्हर्सलमध्ये स्त्री दिग्दर्शकांची संख्या लक्षणीय होती. लोइस वेबर, आयडा मे पार्क, क्लिओ मॅडिसन, रूथ ॲन बाल्डविन, एल्सी जेन विल्सन या त्यांपैकी काही होत. गर्भपात, दारिद्र्य, फाशीची शिक्षा असे विषय हाताळणाऱ्या वेबर या १९१६ च्या सुमारास संस्थेतील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या दिग्दर्शकांत होत्या. यामागे लेम्ली यांचे काही पुरोगामी धोरण होते, असे ठामपणे म्हणता येत नाही. आठवड्याला अनेक मूकपट तयार करायचे होते आणि काम वेळेत व कमी खर्चात करून देणारी व्यक्ती कोण आहे, याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. जॉन फोर्ड यांनीही आपले पहिले पाश्चिमात्यपट, म्हणजे घोडेस्वार आणि गुराख्यांचे चित्रपट, याच ठिकाणी केले. १९२० नंतर मात्र स्त्री दिग्दर्शकांना येथेही काम मिळेनासे झाले.

थॉलबर्ग आणि स्ट्रोहाइम

लेम्ली यांच्या न्यूयॉर्क कचेरीत चिटणीस म्हणून लागलेल्या आयर्विंग थॉलबर्ग या तरुणाला त्यांनी विशीच्या उंबरठ्यावरच युनिव्हर्सल सिटीचा कारभार सोपवला. माणसे हेरण्यात लेम्ली यांचा हात धरणारा विरळा. त्यांना टिकवण्यात ते तितकेच कच्चे होते. ऑस्ट्रियाहून आलेल्या एरिक फॉन स्ट्रोहाइम यांना पहिली दिग्दर्शनाची संधीही त्यांनीच दिली. 'ब्लाइंड हजबंड्स' (१९१९) यशस्वी झाल्यावर स्ट्रोहाइम यांनी 'फूलिश वाइव्ह्ज'साठी मॉन्टे कार्लोचा चौकच स्टुडिओत उभारला. खर्च हाताबाहेर गेला, तेव्हा लेम्ली यांनी त्याचीच जाहिरात केली आणि १९२२ मध्ये तो दहा लाख डॉलरचा पहिला चित्रपट म्हणून गाजवला. पुढच्या चित्रपटाच्या वेळी थॉलबर्ग यांनी स्ट्रोहाइम यांना मध्यातच काढून टाकले. निर्मात्याचा शब्द दिग्दर्शकाच्या वर, हा हॉलिवूडचा पुढचा नियम या घटनेने रूढ केला, असे मानले जाते.

थॉलबर्ग १९२३ मध्ये लुई मेयर यांच्याकडे गेले आणि पुढे मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेच्या वैभवाचे शिल्पकार ठरले. त्यांच्या पगारवाढीबाबत लेम्ली यांनी हात आखडता घेतला होता. त्यांनी जाता जाता घडवलेला 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९२३) आणि नंतरचा 'द फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) या लॉन चॅनी यांच्या चित्रपटांनी युनिव्हर्सलला मोठे यश दिले. तरी पॅरामाउंट किंवा मेट्रोसारखी स्वतःच्या चित्रपटगृहांची मोठी साखळी युनिव्हर्सलकडे कधी नव्हती. लेम्ली यांचे गिऱ्हाईक लहान गावांतील चित्रपटगृहेच राहिली, आणि मोठ्या शहरांतील उत्पन्न इतरांच्या वाट्याला गेले.

याच काळातील आणखी एक प्रसंग नोंदवण्याजोगा आहे. वॉल्ट डिस्नी यांनी घडवलेल्या ओस्वाल्ड या सशाच्या व्यंगपटांचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. १९२८ मध्ये मध्यस्थ निर्मात्याशी बोलणी फिसकटल्यावर डिस्नी यांना आपले पात्र सोडून द्यावे लागले आणि त्यातून मिकी माऊसचा जन्म झाला. एडिसनच्या पेटंटांशी झुंजलेली कंपनी आपल्या हक्कांबाबत तितकीच काटेकोर होती.

आप्तेष्ट आणि स्टुडिओ

१९१९ च्या जानेवारीत इन्फ्लुएन्झाच्या साथीत रेखा लेम्ली यांचे निधन झाले. लेम्ली यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यानंतर ते जवळजवळ दरवर्षी लाउपहाइमला जात. महायुद्धाच्या काळात युनिव्हर्सलने जर्मन सम्राटाला क्रूरकर्मा ठरवणारा चित्रपट वितरित केला होता आणि जर्मनीत त्याबद्दल रोष होता. युद्ध संपताच लेम्ली यांनी उपासमारीने गांजलेल्या आपल्या गावाला अन्न, कपडे आणि पैसा पाठवला. लाउपहाइमने १९१९ मध्ये त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले.

दर खेपेस त्यांच्याबरोबर काही माणसे अमेरिकेला येत. भाचे, पुतणे, चुलत भावंडांची मुले, शेजाऱ्यांची मुले अशा सर्वांना युनिव्हर्सलमध्ये काहीतरी काम मिळे. स्टुडिओत त्यांना सगळे 'अंकल कार्ल' म्हणत, आणि पुष्कळांचे ते खरोखरच काका किंवा मामा होते. पगारपत्रकावर सत्तरच्या आसपास नातेवाईक होते, असे सांगितले जाते. ऑग्डेन नॅश या कवीने या परिवारावर केलेली दोन ओळींची चेष्टा हॉलिवूडमध्ये तोंडोतोंडी झाली होती.

या भरतीतून नुसते आळशी जावईच आले असे नाही. अल्सेसमधील म्युलुझ येथून १९२० मध्ये आणलेला एक दूरचा भाचा निरोप्याच्या कामापासून सुरुवात करून दिग्दर्शक झाला. तो म्हणजे विल्यम वायलर. पुढे दिग्दर्शनासाठी तीन ऑस्कर मिळवणाऱ्या वायलर यांच्या हातून 'बेन-हर' (१९५९) घडला. पुतणी कार्ला लेम्ली 'फँटम'मध्ये नर्तकी होती आणि 'ड्रॅक्युला'तील पहिला संवाद तिच्याच तोंडी आहे. तरीही सत्तर माणसांत एक वायलर, हे प्रमाण कोणत्याही धंद्याला परवडणारे नव्हते. खर्चावर देखरेख करणाराही नातलग आणि खर्च करणाराही नातलग, अशी स्थिती झाली.

ज्युनियरचा काळ

१९२९ मध्ये मुलगा एकवीस वर्षांचा झाला तेव्हा लेम्ली यांनी त्याच्याकडे निर्मितीची सूत्रे दिली. हॉलिवूडने या निर्णयाची टर उडवली. ज्युनियरने चित्रपटांची संख्या कमी करून दर्जा आणि खर्च वाढवण्याचे धोरण आखले. त्याचे पहिले मोठे फळ म्हणजे एरिक मारिया रेमार्क यांच्या कादंबरीवरील 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (१९३०). लुइस माइलस्टोन यांनी दिग्दर्शित केलेल्या या युद्धविरोधी चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचे आणि दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. जर्मन सैनिकाच्या नजरेने युद्ध दाखवणारा हा चित्रपट लेम्ली यांना आपल्या दोन देशांमधील समेटासारखा वाटत होता.

५ डिसेंबर १९३० रोजी बर्लिनच्या नोलेनडॉर्फ चौकातील चित्रपटगृहात योझेफ गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी खेळ उधळून लावला. दुर्गंधीचे गोळे फोडण्यात आले, प्रेक्षकांत पांढरे उंदीर सोडण्यात आले. पुढचे काही दिवस रस्त्यांवर निदर्शने झाली आणि ११ डिसेंबरला चित्रपटावर बंदी आली. पुढील वर्षी ती उठली, पण काटछाट केलेल्या प्रतीवर. आणि परदेशांतील प्रतींतही तीच काटछाट करण्याचे युनिव्हर्सलने मान्य केले. जर्मन बाजारपेठ राखण्यासाठी केलेल्या या तडजोडीबद्दल लेम्ली यांच्यावर पुढे टीका झाली. त्यांनी स्वतः १९३२ च्या जानेवारीत वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना पत्र लिहून हिटलर सत्तेवर आल्यास हजारो निरपराध ज्यूंवर अत्याचार होतील, असा इशारा दिला होता. नाझी राजवट येताच चित्रपटावर पुन्हा बंदी आली.

'ड्रॅक्युला' व 'फ्रँकेन्स्टाइन' (दोन्ही १९३१), 'द ममी' (१९३२), 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) आणि 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) या भयपटांनी मंदीच्या काळात युनिव्हर्सलला तारले. वडिलांना भयपट मुळीच आवडत नसत. बेला लुगोसी आणि बोरिस कार्लोफ यांना प्रसिद्धीस आणणाऱ्या या चित्रमालिकेचे श्रेय ज्युनियर, टॉड ब्राउनिंग आणि विशेषतः जेम्स व्हेल यांचे आहे.

स्टुडिओ हातचा गेला

मंदी, वाढता खर्च आणि स्वतःच्या चित्रपटगृहांचा अभाव यांमुळे १९३५ पर्यंत संस्था अडचणीत आली. जेम्स व्हेल यांचा 'शो बोट' हा भव्य संगीतपट अर्ध्यावर असताना पैसा अपुरा पडला. नोव्हेंबर १९३५ मध्ये लेम्ली यांनी स्टँडर्ड कॅपिटल या वित्तसंस्थेकडून साडेसात लाख डॉलरचे कर्ज घेतले. ठरावीक मुदतीत ५५ लाख डॉलर भरून कंपनीचा ताबा घेण्याचा हक्क सावकाराला राहील, अशी अट करारात होती. इतकी रक्कम ते उभी करू शकणार नाहीत, असा लेम्ली यांचा अंदाज होता. तो चुकला. मार्च १९३६ मध्ये सावकाराने हक्क बजावला आणि पितापुत्र दोघेही स्टुडिओबाहेर पडले.

'शो बोट' त्यानंतर दोनच महिन्यांनी प्रदर्शित होऊन चांगला चालला. नव्या व्यवस्थापनाने नातेवाइकांना कामावरून काढले. ज्युनियरने पुन्हा एकही चित्रपट केला नाही. त्याचे निधन वडिलांच्या मृत्यूनंतर बरोबर चाळीस वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७९ रोजी झाले.

हमीपत्रे

जर्मनीत १९३३ नंतर ज्यूंची कोंडी होत गेली. लाउपहाइममधील रस्त्याला दिलेले लेम्ली यांचे नाव काढून टाकण्यात आले. अमेरिकेत येऊ पाहणाऱ्याला व्हिसासाठी तेथील एखाद्या नागरिकाचे हमीपत्र लागे. हा मनुष्य सरकारवर भार होणार नाही आणि वेळ पडल्यास त्याचा खर्च मी करीन, असे शपथेवर लिहून द्यावे लागे. सोबत आपल्या मालमत्तेचा आणि उत्पन्नाचा तपशीलही जोडावा लागे. मंदीच्या दिवसांत आप्तांसाठीसुद्धा अशी हमी द्यायला लोक कचरत. ओळख नसलेल्यासाठी ती कोण देणार?

लेम्ली यांनी प्रथम नातेवाइकांसाठी, मग लाउपहाइमच्या कुटुंबांसाठी आणि अखेरीस नुसते पत्र लिहून याचना करणाऱ्या अनोळखी लोकांसाठीही हमीपत्रे दिली. बेव्हर्ली हिल्समधील त्यांचे घर (जे एके काळी टॉमस इन्स यांचे होते) जणू हमीपत्रांची कचेरी झाले. अशा रीतीने त्यांनी तीनशेहून अधिक लोकांना जर्मनीबाहेर पडण्यास साहाय्य केल्याचे मानले जाते. आलेल्यांसाठी नोकऱ्या शोधणे आणि सुरुवातीचा खर्च करणे हेही त्यांनी अंगावर घेतले. ज्या सवयीने स्टुडिओचे दिवाळे काढले, तीच येथे कामी आली.

लवकरच अडथळा आला. व्युर्टेंबर्गमधील अर्ज श्टुटगार्ट येथील अमेरिकन वकिलातीत जात. सत्तरी उलटलेला हा माणूस इतक्या लोकांचा भार किती वर्षे वाहू शकेल, अशी शंका घेऊन तेथील अधिकारी त्यांची हमीपत्रे स्वीकारण्यास कांकूं करू लागले. एप्रिल १९३८ मध्ये लेम्ली यांनी परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहिले. आपली आर्थिक स्थिती भक्कम आहे, आपण दिलेला प्रत्येक शब्द पाळला आहे, आणि या लोकांच्या यातना दूर करण्यासाठी आपल्याइतकी कळकळ क्वचितच कोणाला असेल, असा त्या पत्राचा आशय होता. त्यांनी हॉलिवूडमधील परिचितांनाही हमीपत्रे द्यायला भाग पाडण्याचा प्रयत्न चालवला. किती अर्ज वकिलातीत अडकून पडले आणि त्या अर्जदारांचे पुढे काय झाले, याचा हिशेब तीनशेच्या आकड्यात येत नाही. लाउपहाइममध्ये मागे राहिलेल्या ज्यूंची रवानगी १९४१-४२ मध्ये छळछावण्यांकडे झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये अखेरची तुकडी गेल्यावर तेथील ज्यू समाज संपुष्टात आला.

मृत्यू आणि स्मृती

२४ सप्टेंबर १९३९ रोजी, युरोपात युद्ध सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी, लेम्ली यांचे बेव्हर्ली हिल्स येथे हृदयविकाराने निधन झाले. वय ७२ होते. लॉस एंजेलिसमधील होम ऑफ पीस या ज्यू दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

जर्मनीत त्यांची आठवण बराच काळ पुसली गेली होती. १९९४ मध्ये लाउपहाइममधील माध्यमिक शाळेला कार्ल लेम्ली यांचे नाव देण्यात आले. गावच्या ग्रोसलाउपहाइम वाड्यात ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या सहजीवनाचा इतिहास सांगणारे संग्रहालय असून त्यात लेम्ली यांच्यासाठी स्वतंत्र दालन आहे. २०१७ पासून लाउपहाइम येथे चित्रपट निर्मात्यांना कार्ल लेम्ली पुरस्कार दिला जातो. पहिला पुरस्कार रोलँड एमेरिख यांना मिळाला.